६३ च्या पीव्हीसी पाईपचा फ्रिक्शन फॅक्टर ०.०१७७ का ०.००४४? वावरात पाणी कमी येऊन राह्यलं

वावरवाला_आर्णी

राम राम मंडळी. लांबलचक लिहितो, पूर्ण वाचजा मंग सांगजा.

आमची विहीर नाल्याच्या काठी आहे अन वावर वरच्या अंगाले, मधात ६०० मीटर अंतर. आजोबाच्या काळापासून ते वावर कोरडवाहूच, कापूस-तुरीशिवाय काही घेतलं नाई. यंदा ठरवलं का पाईपलाईन टाकायची अन गहू-हरभरा ओलीत करायचा. माह्यं शिक्षण १२ वी सायन्स, पुढे जमलं नाई, पण आकडेमोडीची आवड आहे, म्हणून दुकानदार म्हणते म्हणून नाई तर हिशोब करूनच मोटर घ्यायची असं मनाशी धरलं.

नळीत पाणी भरून लेव्हल काढली. विहिरीतल्या पाण्यापासून वावरातल्या हौदाच्या तोंडापर्यंत १४ मीटर चढ. सेकंदाले ५ लिटर पाणी पाह्यजे. पाईप पीव्हीसी ६३ चा, ६ किलो दाबाचा, आतून ५८ मिलिमीटर भरला. लहान भावाच्या डिग्रीच्या पुस्तकातून फ्रिक्शन फॅक्टर (पाईपात पाण्याले किती घर्षण होते तो आकडा, म्हणजे एफ) काढला तो आला ०.००४४. फॉर्म्युला मोबाईलवर सापडला : एफ गुणिले लांबी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २ गुणिले जी गुणिले व्यास. त्याच्यात टाकलं त घर्षणाचा लॉस ८.३ मीटर आला. १४ अन ८.३ म्हणजे २२.३, थोडं वरून धरलं अन ३ एचपीची मोटर घेतली, तिच्या कॅटलॉगमधे ५ लिटरले २६ मीटर हेड (म्हणजे किती उंचीपर्यंत जोर देते ते) लिहून आहे (वाल पूर्ण बंद असताना ३४ मीटर). २० फुटी १०० पाईप आणले, जेसीबी लावून नाली खोदली, पाईप जोडले, बुजवलं.

आता पाणी येते पण कमी येते. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदात भराले पाह्यजे होता, तो पूर्ण १ मिनिट घेऊन राह्यला. म्हणजे सेकंदाले ३.३३ लिटर. आमच्याकडे विजेची लाईन ८ तास, त्यातही आठवडा दिवसाची आठवडा रात्रीची. ८ तासात १ लाख ४४ हजार लिटरच्या ठिकाणी ९६ हजार लिटरच पडून राह्यलं, गव्हाचं अर्धं वावर कोरडं राह्यते. व्होल्टेज पाह्यलं, ठीक आहे. जाळी साफ आहे. लिकेज कुठीच नाई, दोनदा पूर्ण लाईन पायी चाललो.

अन आता दुसऱ्या एका साईटवर त्याच पाईपचा फ्रिक्शन फॅक्टर ०.०१७७ दाखवते. कोणता खरा? का कंपनीनुसार, मटेरियलनुसार बदलते? जीआय पाईप घेतला असता त बरं झालं असतं का? अन मोटर मोठी घ्यावी का? दीड महिन्यापासून हेच डोक्यात फिरून राह्यलं.

मोटरमिस्त्री_वरुड

भाऊ मोटर बदलू नका, आधी ऐका. मी २८ वर्षं झाले विहिरीतून मोटरा काढतो, इकडे वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बगीच्यात अर्ध्या लोकायची तक्रार हीच असते का मोटर कमजोर पडली, अन दहातल्या सात ठिकाणी मोटर चांगलीच निघते, दोष पाईपात असते.

जीआयचं म्हणाल त ते नावच काढू नका. मागे एका बगीच्यातली २ इंची जुनी लाईन कापली, आतून पाह्यलं त गंजाचे अन क्षाराचे थर असे जमले होते का आतमधात माह्या अंगठ्याच्या वर जागाच नव्हती, बाहेरून पाईप २ इंचीच दिसते. मालक म्हणे ३ एचपीची काढून ५ ची लावली तरी पाणी तेवढंच. पाण्याले जागाच नाई त मोटर काय करन.

तुमची लाईन नवी आहे म्हणून ते कारण नाई. मधात कुठी उंचवटा आहे का? उंचवट्यावर हवा अडकते, तिथं एअर वाल लावला का नाई ते सांगा.

पाना_पक्कड

मटेरियलनुसार बदलते भाऊ. माझ्या आयटीआयच्या पुस्तकात तक्ता आहे, स्टीलवर स्टील ०.७४, टेफ्लॉन ०.०४. पीव्हीसीचा पण ०.४ च्या आसपास असतो. तुमचे दोन्ही आकडे याच्यात बसत नाहीत, म्हणजे दोन्ही चूक असतील.

केमिकलवाला_नागपूर

०.००४४ बरोबर आहे. मी केमिकल इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, आम्ही हाच वापरतो. तुमचा रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खवळलेला हे सांगणारा आकडा) साधारण १ लाख १० हजार येतो, गुळगुळीत पाईपसाठी ०.०७९ भागिले रेनॉल्ड्स नंबरचं चौथं मूळ केलं की ०.००४३ येतं. त्यामुळे पुस्तक बरोबर, ती साईट चुकीची वाटते.

साईटवाला_वाशिम

आम्ही गावाच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर एफ वगैरे लावत नाई, हेझन-विल्यम्सच्या फॉर्म्युल्यातला सी लावतो. पीव्हीसीला १४५ धरतो, जुन्या बिडाच्या पाईपला १००. तुम्ही पण तेच लावा, सोपं पडते.

वावरवाला_आर्णी

मिस्त्री दादा, लाईन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढतीच आहे, मधात उंचवटा नाई. पण आता माह्या डोक्यात जास्तच गोंधळ झाला. एकाचा ०.७४, एकाचा ०.००४४, एकाचा १४५. पाईप एकच अन पाणी एकच, मंग आकडे इतके काऊन?

हायड्रॉलिक्स_ताई

नमस्कार दादा. मी पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या मुलांना हायड्रॉलिक्स शिकवते, यवतमाळ जिल्ह्यातलीच आहे. तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण तुम्ही ड्रम लावून मोजलंत. बहुतेक लोक "पाणी कमी येतं" एवढंच सांगतात आणि मग कोणालाच काही ठरवता येत नाही.

तुमच्या पुस्तकातला आकडा बरोबर आहे आणि साईटवरचाही बरोबर आहे. चूक झाली ती आकडा एकीकडचा आणि फॉर्म्युला दुसरीकडचा घेतल्यामुळे. ०.००४४ ला ४ ने गुणून बघा. ०.०१७६ येतं ना? फ्रिक्शन फॅक्टर या एकाच नावाने दोन वेगवेगळ्या राशी चालतात, एक डार्सीचा आणि एक फॅनिंगचा, आणि डार्सीचा हा फॅनिंगच्या बरोबर ४ पट असतो. फॅनिंगचा फॅक्टर पाईपच्या भिंतीवर पाणी किती ताण देतं त्यावरून ठरवलेला, डार्सीचा सरळ हेड लॉसवरून ठरवलेला. गोल पाईपचा परीघ आणि क्षेत्रफळ यांच्या गणितातून तो ४ येतो, दुसरं काही गूढ नाही. केमिकलची पुस्तकं फॅनिंगचा घेतात. सिव्हिल-मेकॅनिकलमध्ये डार्सीचा चालतो, पण आपल्याकडची बरीच डिग्रीची पुस्तकं आकडा फॅनिंगचा घेऊन फॉर्म्युल्यातच पुढे ४ लिहितात, म्हणजे ४ एफ एल व्ही वर्ग भागिले २ जी डी. भावाचं पुस्तक उघडून बघा, तिथे तो ४ नक्की असेल. मोबाईलवरच्या फॉर्म्युल्यात तो नव्हता, कारण तो डार्सीच्या आकड्यासाठी लिहिलेला होता. त्यामुळे तुमचा लॉस एक चतुर्थांश आला.

हा घोटाळा माझे विद्यार्थी दरवर्षी करतात आणि मी त्यांना एकच खूण सांगते. पुस्तकात संथ म्हणजे लॅमिनार प्रवाहासाठी ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर लिहिलं असेल तर आकडा डार्सीचा, १६ भागिले लिहिलं असेल तर फॅनिंगचा. खवळलेल्या प्रवाहाला ०.३१६ दिसलं तर डार्सी, ०.०७९ दिसलं तर फॅनिंग. नागपूरच्या भाऊंनी ०.०७९ लिहिलंय, म्हणजे त्यांचं गणित बरोबरच आहे, फक्त साईट चुकीची नाही.

आता तुमचा हिशोब पुन्हा करू. आतला व्यास ५८ मिमी, ५ लिटर प्रति सेकंद, म्हणजे वेग १.८९ मीटर प्रति सेकंद. डार्सीचा एफ ०.०१७७ धरला की १०० मीटरला ५.६ मीटर लॉस, ६०० मीटरला ३३.५ मीटर. त्यात चढ १४. एकूण ४७.५ मीटर! आणि तुमची मोटर ५ लिटरला २६ मीटरच देते. म्हणून ती बिचारी पाणी कमी करत करत जिथे दोघांचं जमतं तिथे येऊन थांबली. तुमच्या कॅटलॉगच्या दोन आकड्यांवरून मी मोटरचा साधारण कर्व्ह (किती पाण्याला किती हेड देते तो आलेख) काढला आणि पाईपच्या लॉसशी ताडून पाहिला, तर ३.३५ लिटर प्रति सेकंद येतं. तुमचा ड्रम ३.३३ सांगतो. म्हणजे हवा अडकलेली नाही, लिकेज नाही, मोटरही चांगली आहे.

पाना-पक्कड दादांनी दिलेला तक्ता वेगळ्याच गोष्टीचा आहे. तो कोरड्या घन वस्तू एकमेकांवर घासताना लागणारा घर्षण गुणांक. पाणी पाईपच्या भिंतीवरून तसं घसरत नाही, भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर जागीच असतो आणि घर्षण होतं ते पाण्याच्या आतल्या आत, थराथरांत आणि भोवऱ्यांत. म्हणून पाईप काचेसारखा गुळगुळीत केला तरी एफ शून्य होत नाही. वाशिमच्या दादांचा सी तर उलट्या बाजूने चालतो, सी जितका मोठा तितका पाईप गुळगुळीत आणि लॉस कमी. सोपा आहे हे खरंच, पण तो पाण्यापुरताच, आणि त्याचा आकडा चुकूनही डार्सीच्या फॉर्म्युल्यात टाकू नका.

मटेरियलचा परिणाम होतो, नाही असं नाही. पीव्हीसीचा खडबडीतपणा ०.००१५ मिमी धरतात, नव्या जीआयचा ०.१५ मिमी, म्हणजे १०० पट. पण १०० पट खडबडीत असून एफ १०० पट होत नाही. तुमच्याएवढंच पाणी नव्या २ इंची जीआयमधून नेलं तर एफ ०.०२७ येतो, पीव्हीसीच्या दीडपट. खडबडीतपणाचा परिणाम निकुराडसे या शास्त्रज्ञाने पद्धतशीर मोजला, त्याने चाळलेली वाळू पाईपांना आतून चिकटवली आणि एकेका जाडीच्या वाळूवर पाणी सोडून लॉस मोजत बसला, १९३३ मध्ये ते छापून आलं. मला हा प्रयोग फार आवडतो, मुलांना सांगताना मी हातात पॉलिश पेपर घेऊन जाते. त्याच्या आणि पुढे कोलब्रुक या अभियंत्याच्या कामावरून मूडी या अभियंत्याने १९४४ मध्ये एफ शोधायचा प्रसिद्ध तक्ता काढला. आता तक्त्यात डोळे घालायची गरज नाही, स्वामी आणि जैन या आपल्या भारतीय अभियंत्यांनी १९७६ मध्ये दिलेलं सूत्र मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एका झटक्यात एफ देतं, मी वरचे आकडे त्यावरूनच काढलेत.

आणि खरा मारेकरी आहे व्यास. पाणी तेवढंच ठेवून व्यास कमी केला की लॉस व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. वरुडच्या काकांनी सांगितलेला पाईप बघा : ५२ मिमीचा पाईप थर साचून ४० चा झाला की खडबडीतपणा बाजूला ठेवला तरी लॉस पावणेचार पट होतो. म्हणून मालकाने ५ एचपी लावूनही उपयोग झाला नाही. इथे अजून एक गोष्ट, पीव्हीसीचा ६३ हा बाहेरचा व्यास असतो आणि जीआयचा २ इंच हा आतल्या मापाचा. तुम्ही ५८ धरलात ते फार चांगलं केलंत. ६३ धरून हिशोब केला असता तर खरा लॉस त्याच्या दीडपट निघाला असता.

केमिकलवाला_नागपूर

ताई धन्यवाद, साईटला चुकीचं म्हणायची घाई केली. आमच्या सरांनी फॅनिंग हा शब्द सांगितला होता पण दुसरा पण असतो हे डोक्यात राहिलं नव्हतं.

वावरवाला_आर्णी

ताई, पुस्तक उघडून पाह्यलं. ४ आहे. फॉर्म्युल्याच्या अगदी सुरुवातीलेच आहे. माह्या डोळ्यासमोर होता अन मी सोडून देल्ला. एवढ्या एका ४ पायी वर्षभराचं ओलीत अर्धं झालं, लय जीवाले लागलं.

आता सांगा काय करू. ७.५ एचपीची मोटर लावू का? का सगळे पाईप उपसून ९० चे टाकू? ६०० मीटर पुन्हा खोदाचं म्हणजे उभ्या हरभऱ्यातून जेसीबी घालावं लागते.

मोटरमिस्त्री_वरुड

मोठी मोटर नका लावू. एक त लाईट बिल अन स्टार्टर-केबल सगळंच बदलावं लागन, अन दुसरं म्हणजे तुमचा पाईप ६ किलोचा. १० मीटर हेड म्हणजे १ किलो धरा. मोठी मोटर वाल बंद असताना ६० मीटरच्या वर जाते, कोणी हौदावरचा कॉक एकदम बंद केला का खालच्या बाजूले पाईप फुटलाच समजा.

उपसू बी नका. त्याच लाईनच्या बाजूनं दुसरी ६३ ची लाईन टाका, दोन्ही टोकाले टी लावून जोडून द्या. आम्ही इकडे याले जोडलाईन म्हणतो. हरभरा निघेपर्यंत वरूनच टाका, धुऱ्याधुऱ्यानं, मंग बुजवजा. ऊन लागते म्हणून कायमची वर ठेवू नका, पीव्हीसी उन्हानं कडक होते अन तडकते.

हायड्रॉलिक्स_ताई

काकांचा उपाय अगदी योग्य आहे, मीही हेच सांगणार होते. दोन सारख्या पाईपांत पाणी अर्धं-अर्धं वाटलं जातं, वेग अर्धा होतो आणि लॉस ३३.५ वरून ९.७ मीटरवर येतो. (वेग अर्धा तर लॉस पाव व्हायला हवा होता, पण वेग कमी झाला की एफ थोडा वाढतो, म्हणून पावापेक्षा जरा जास्त.) एकूण हेड २३.७ मीटर, तुमच्या ३ एचपीच्या आवाक्यात. हिशोबाने ५.३ लिटर प्रति सेकंद मिळेल, ड्रम ३८ सेकंदांत. पूर्ण लाईन ७५ ची केली असती तर ४.८ मिळालं असतं, म्हणजे जुनी ठेवून जोडलाईन टाकणं त्याहून चांगलं पडतं. एल्बोची काळजी करू नका, आधीच्या १.८९ च्या वेगालाही एका एल्बोत १५-१६ सेंटीमीटर हेड जातं, तेवढंच.

पैसे एकदम नसतील तर अर्ध्या लांबीला, ३०० मीटरलाच जोड द्या. कोणत्या अर्ध्याला दिली याने फरक पडत नाही. ४.०५ लिटर यायला पाहिजे, ड्रम साधारण ४९ सेकंद. फक्त टी जोडताना सोल्युशन लावून रात्रभर वाळू द्या, लगेच मोटर सुरू करू नका.

पाना_पक्कड

ताई माझा तक्ता चुकीच्या ठिकाणी लागला, समजावून सांगितलं त्याबद्दल आभारी आहे. पाणी भिंतीवर घसरत नाही हे माहीतच नव्हतं.

वावरवाला_आर्णी

मंडळी, ९ दिवसानं लिहून राह्यलो. शेजारच्या काकाकडे ठिबकच्या वेळचे ६३ चेच ५० पाईप गोठ्याच्या माळ्यावर पडून होते, उन्हाळ्यापर्यंत वापर म्हणले. ५० पाईप म्हणजे ३०० मीटर, ताईनं सांगितलं तेवढेच. विहिरीपासून धुऱ्यानं टाकले, दोन टी लावले, सोल्युशन एक रात्र अन वरून एक दिवस वाळू देल्लं.

या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. काल ११ वाजता लाईन आली, मी हौदावर अन लहान भाऊ विहिरीवर, फोन चालू ठेवून त्याले मोटर सुरू कराले सांगितली. पहिले दोन मिनिट नुसती हवा फुसफुसली मंग पाणी लागलं. मोबाईलच्या उजेडात ड्रम तीनदा भरला. ५०, ४९, ५० सेकंद. भावाले फोनवर आकडा सांगितला त तो म्हणे पुन्हा एकदा भर, म्हणून चौथ्यांदा भरला, ५०.

ताई, तुम्ही तिकडे बसून लिहिलेला आकडा इथं अंधारात ड्रमात निघाला. गव्हाची तिसरी पाळी आज पहाटे त्या बांधापर्यंत गेली जिथं आतापर्यंत पाणी पोहोचलंच नव्हतं. कापूस विकला का उरलेले ५० पाईप घेतो, अन काकाचे काकाले वापस करतो. मिस्त्री दादा, वरच्या टोकाचा टी आता काढून पुढे सरकवावा लागन, तो कापूनच काढाचा का गरम करून निघते?

मोटरमिस्त्री_वरुड

कापा. गरम करून काढलेला टी पुन्हा बसवू नका, तोंड वाकडं होते अन दाबात गळते. नवा टी अन एक कपलिंग घ्या, कापताना वीतभर पाईप दोन्हीकडे सोडजा.